इंटरनेट मापनजाल, स्वयंसेवी

इंटरनेटवरील निरनिराळ्या ठिकाणांहून संदेशांना लागणारा वेळ, वाटेत होणारी त्यांची गळती, त्यांचा मार्ग व सेवांची उपलब्धता यांचे सतत मोजमाप करण्यासाठी सर्वसामान्य वापरकर्ते, शिक्षणसंस्था व सेवापुरवठादार यांनी आपली जागा, वीज, जोडणी व उपकरणे स्वेच्छेने उपलब्ध करून दिल्यामुळे जी सामाईक यंत्रणा उभी राहते, तिला स्वयंसेवी इंटरनेट मापनजाल म्हणतात. अशा जालात सहभागी होणारी प्रत्येक व्यक्ती आपल्या साधनसामग्रीचा एक अल्प भाग इतरांना वापरू देते आणि त्याच्या मोबदल्यात इतरांच्या उपकरणांवरून मापने करण्याचा हक्क मिळविते. मिळालेली आकडेवारी बहुतांशी सर्वांना खुली असते.

मापनाची गरज : इंटरनेट हे एका मालकाचे जाळे नसून हजारो स्वतंत्र जालांची ती परस्परांशी केलेली जुळणी आहे. प्रत्येक चालकाला आपल्या हद्दीतील तारा व यंत्रे यांची स्थिती कळते. परंतु संदेश हद्दीबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, हे त्याला आपल्या कार्यालयात बसून सांगता येत नाही. वापरकर्त्याच्या बाजूने पाहिल्यास अडचण याहून मोठी असते. त्याला फक्त ‘जोडणी चालत नाही’ एवढेच दिसते. दोष घरातील यंत्रात आहे, गावापर्यंत आलेल्या तारेत आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी आहे की दूरच्या सेवायंत्रात आहे, हे त्याला समजत नाही. सेवापुरवठादाराने प्रसिद्ध केलेली सरासरी त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण ती अनेक ग्राहकांची असते. हा प्रश्न पर्जन्यमापनासारखा आहे. एका तालुक्यातील पाऊस दुसऱ्या तालुक्यातील पर्जन्यमापकाने मोजता येत नाही; त्यासाठी जागोजागी मापके लागतात व ती रोज वाचणारी माणसे लागतात. अमेरिकेत १८९० च्या कायद्याच्या आधारे स्वयंसेवी हवामान निरीक्षकांचे जाळे याच कारणासाठी उभे राहिले. इंटरनेटच्या बाबतीतही मापक वापरकर्त्याच्या टोकाला असणे आवश्यक ठरते आणि अशी असंख्य टोके कोणत्याही एका संस्थेच्या ताब्यात नसल्याने स्वयंसेवकांखेरीज हे काम साधत नाही.

इतिहास : १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आर्पानेट या जालाचे पहिले केंद्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील शाखेत होते आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या मार्गदर्शनाखाली तेथेच जालमापन केंद्र चालविण्यात आले. म्हणजे मापन ही इंटरनेटची नंतरची जोड नसून ते प्रारंभापासूनच त्याच्या उभारणीचा भाग होते. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी ‘पिंग’ ही आज्ञावली लिहिली. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ ही आज्ञावली तयार केली. आजचे बहुतेक मापन या दोन साधनांवर आधारलेले आहे. १९९५ च्या सुमारास इंटरनेट व्यापारी कंपन्यांच्या हाती गेल्यावर मात्र सर्व जालांचे एकत्रित चित्र कोणाजवळच उरले नाही. त्यानंतर संशोधकांनी स्वतंत्र मापनयंत्रणा उभारण्यास प्रारंभ केला.

मे १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ या प्रकल्पाने लाखो घरगुती संगणकांचा रिकामा वेळ एका शास्त्रीय कामासाठी एकत्र करता येतो, हे दाखवून दिले. हीच कल्पना जालमापनाला लावून २००४ मध्ये इझ्राएलमधील तेल आवीव विद्यापीठात ‘डायमीस’ हा प्रकल्प सुरू झाला. २००९ मध्ये ‘मेझरमेंट लॅब’, २०१० मध्ये नेदर्लंड्समधील जालचालकांचे ‘रिंग’ व ॲम्स्टरडॅम येथील ‘राइप एनसीसी’ या संस्थेचे ‘राइप ॲटलस’ आणि २०१२ मध्ये संकेतस्थळांवरील अडथळ्यांची नोंद घेणारी ‘ऊनी’ ही यंत्रणा अस्तित्वात आली.

मापनाच्या राशी व पद्धती : इंटरनेटवरील माहिती ‘पॅकेट’ नावाच्या लहान तुकड्यांत विभागून पाठविली जाते. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांक असतो आणि वाटेतील ‘राउटर’ ही यंत्रे तो वाचून पॅकेट पुढे ढकलतात. मापनात पुढील राशी मुख्यतः विचारात घेतात.

(१) परतविलंब : ‘पिंग’ पद्धतीत एक लहान पॅकेट दूरच्या यंत्राकडे पाठवून त्याचे उत्तर परत येईपर्यंतचा वेळ मोजतात. तो मिलिसेकंदांत (सेकंदाचा हजारावा भाग) सांगतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लाख किमी. वेगाने जातो, म्हणून कोणत्याही अंतरासाठी विलंबाची एक भौतिक किमान मर्यादा असते. भंडारा रोड स्थानकापासून मुंबई लोहमार्गाने सु. ९०० किमी. आहे. तितक्याच लांबीच्या तंतूतून जाऊन परत येण्यास सु. ९ मिलिसेकंद लागतात. यापेक्षा कमी विलंब शक्य नाही. प्रत्यक्ष विलंब ५० किंवा १०० मिलिसेकंद आढळला, तर उरलेला वेळ वळसे, गर्दी अथवा यंत्रांतील प्रतीक्षा यांत गेला, असा अर्थ होतो.

(२) गळती : पाठविलेल्या पॅकेटांपैकी किती पॅकेटांचे उत्तर आले नाही, त्याचे शेकडा प्रमाण. थोड्या गळतीनेही व्यवहार मंदावतो, कारण हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवावी लागतात.

(३) मार्ग : प्रत्येक पॅकेटवर त्याला किती राउटर ओलांडता येतील याची मर्यादा नोंदलेली असते व दर टप्प्याला ती एकाने कमी होते. मर्यादा संपलेले पॅकेट टाकून देऊन राउटर तसे पाठविणाऱ्याला कळवितो. ‘ट्रेसरूट’ पद्धतीत ही मर्यादा क्रमाने १, २, ३ अशी वाढवीत नेतात. त्यामुळे वाटेतील राउटर एकामागून एक आपली ओळख देतात व मार्गाचा नकाशा तयार होतो.

(४) नामशोध : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी यंत्रणा बरोबर व वेळेवर उत्तर देते की नाही, याची तपासणी. तार शाबूत असूनही ही यंत्रणा बिघडल्यास वापरकर्त्याला सर्वच बंद पडल्यासारखे वाटते.

(५) वहनक्षमता : ठराविक वेळात किती माहिती वाहून नेता येते, ते माप. जाहिरातींत ‘वेग’ म्हणून सांगितली जाणारी राशी हीच होय. हे मोजण्यासाठी पुष्कळ माहिती पाठवावी लागत असल्याने स्वयंसेवकाच्या जोडणीवर भार पडतो. म्हणून ‘राइप ॲटलस’मध्ये ही राशी मोजत नाहीत. ‘मेझरमेंट लॅब’मध्ये ती वापरकर्त्याने स्वतः चाचणी सुरू केल्यावर मोजली जाते.

साधनसामग्रीची वाटणी : ‘राइप ॲटलस’ हे या प्रकारचे सर्वांत विस्तृत जाल होय. २०२० नंतरच्या वर्षांत त्यात सु. १२ हजार मापक कार्यरत होते. ‘प्रोब’ नावाचा हा मापक तळहातावर मावेल एवढा असतो. स्वयंसेवक तो आपल्या घरातील वा कार्यालयातील राउटरला जोडून ठेवतो. २०२० पासून वेगळ्या उपकरणाऐवजी नेहमीच्या संगणकावर आज्ञावली बसवूनही सहभागी होता येते. प्रत्येक प्रोब काही ठरलेली मापने आपोआप करतो. त्यांत त्याच्या लगतच्या पहिल्या व दुसऱ्या राउटरचा परतविलंब आणि जगातील मूळ नामसेवायंत्रांपर्यंतचा विलंब व मार्ग यांचा समावेश असतो. दोष घराजवळ आहे की दूर आहे, हे यावरून लगेच ओळखता येते.

या जालाचा हिशोब ‘क्रेडिट’ या काल्पनिक नाण्यात ठेवतात. प्रकाशित दरांनुसार प्रोब चालू ठेवणाऱ्याच्या नावे दर मिनिटाला १५, म्हणजे दिवसाला २१,६०० क्रेडिट जमा होतात. तीन पॅकेटांच्या एका पिंगला ३ क्रेडिट खर्ची पडतात. असे पिंग दर चार मिनिटांनी केल्यास दिवसाला ३६० वेळा, म्हणजे १,०८० क्रेडिट लागतात. याचा अर्थ, आपला एक प्रोब अखंड चालू ठेवणारा स्वयंसेवक इतरांच्या वीस प्रोबांवरून असे मापन सतत करू शकतो. मार्गमापनाचा दर याहून दसपट आहे, कारण त्यात पॅकेटे अधिक लागतात. क्रेडिटांमुळे दोन गोष्टी साधतात. दुसऱ्याच्या जोडणीचा बेसुमार वापर टळतो आणि उपकरण नुसते घेऊन ते कपाटात ठेवण्याऐवजी चालू ठेवण्यास प्रोत्साहन मिळते.

‘रिंग’ या जालाची रीत अधिक सोपी आहे. सहभागी होणारी प्रत्येक संस्था आपल्या जालात एक संगणक सर्वांच्या वापरासाठी देते व त्याबदली इतर सर्व सभासदांच्या संगणकांवर तिला प्रवेश मिळतो. येथे नाणे नसते. एक देऊन सर्व मिळवावयाचे, असा व्यवहार असतो. अर्थात येथे सभासदांनी एकमेकांवर पुष्कळ विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच हे जाल मुख्यतः व्यावसायिक जालचालकांपुरते मर्यादित राहिले आहे.

उपयोग : ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी हे वादळ न्यूयॉर्क परिसरावर आदळले, त्या वेळी ‘राइप ॲटलस’मधील मार्गमापनांवरून संदेश न्यूयॉर्क टाळून इतर शहरांतून वळल्याचे स्पष्ट दिसले. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी मूळ नामसेवायंत्रांवर निरर्थक प्रश्नांचा प्रचंड मारा करण्यात आला, तेव्हा कोणत्या प्रदेशातून कोणते यंत्र दिसेनासे झाले व कोणते टिकले, याचा तपशीलवार अभ्यास स्वयंसेवकांच्या प्रोबांमुळेच शक्य झाला. जानेवारी २००८ मध्ये ईजिप्तजवळ समुद्राखालील तारा तुटून भारताची आंतरराष्ट्रीय वहनक्षमता मोठ्या प्रमाणावर घटली होती. अशा प्रसंगी कोणता देश कोणत्या पर्यायी मार्गाने जोडलेला राहिला, हे मापनजालाविना सांगता येत नाही.

भारतातील स्थिती : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. देशांतर्गत संदेश परदेशात जाऊन परत येऊ नयेत, यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही विनिमयसंस्था स्थापन झाली. मुंबई हे तिच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये ब्रॉडबँड सेवेच्या गुणवत्तेचे नियम केले. त्यांत वापरकर्त्याच्या बाजूकडून आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वारापर्यंतचा विलंब १२० मिलिसेकंदांपेक्षा व पॅकेटांची गळती १ टक्क्यापेक्षा कमी असावी, असे ठरविले होते. २०२४ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. प्राधिकरणाने २०१६ मध्ये मोबाइल फोनवरून वेग तपासून तो कळविण्याची सोयही केली. तथापि नियम पाळला जातो की नाही, याचा पडताळा घेणारी कायमस्वरूपी व खुली मापके खेड्यांत असल्याशिवाय सरासरीखाली दडलेले फरक उजेडात येत नाहीत.

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण : वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भातपिकाचा जिल्हा या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्यास सोयीचा आहे. जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचा मूळ आराखडा तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याचा होता. येथील दैनंदिन व्यवहार आता जोडणीवर अवलंबून आहेत. आधारभूत किंमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते. रास्त भाव दुकानात शिधा घेताना अंगठ्याची पडताळणी दूरच्या यंत्राकडून होते. सात-बाराचा उतारा सेवा केंद्रात संगणकावरूनच निघतो. नोंदणीची मुदत जवळ आलेली असताना जोडणी तुटली, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. दोष कोणाचा हे मात्र त्याला सिद्ध करता येत नाही.

अशा ठिकाणी तीन मापके पुरेशी बोलकी ठरू शकतात : एक ग्रामपंचायतीच्या काचतंतूवर, दुसरा त्याच गावातील एखाद्या घरी दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर व तिसरा तालुक्याच्या ठिकाणी. पहिला व तिसरा दोन्ही एकाच वेळी गप्प झाले, तर दोष तालुक्याच्या वर आहे. फक्त पहिला गप्प झाला व दुसरा चालू असला, तर गावात वीज आहे पण ग्रामपंचायतीची तार वा तेथील यंत्र बंद आहे, असे अनुमान निघते. पहिला व दुसरा एकदमच गप्प झाले, तर आधी वीज गेली असण्याची शक्यता तपासावी लागते. तिन्ही चालू असून केवळ शासकीय सेवायंत्राकडे जाणारी मापने निष्फळ ठरत असतील, तर गावच्या जोडणीला दोष देण्याचे कारण उरत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या मोठ्या पुरासारख्या आपत्तीत कोणत्या गावाचा संपर्क केव्हा तुटला व केव्हा पूर्ववत झाला, याची मिनिटागणिक नोंदही अशा मापकांकडून मिळू शकते.

मार्गमापनाचा उपयोगही येथे समजून घेण्यासारखा आहे. भंडारा शहरातील दोन शेजाऱ्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी घेतली असेल आणि त्या कंपन्यांची जाले फक्त मुंबईत जुळत असतील, तर एकाचा संदेश दुसऱ्याकडे जाण्यास मुंबईला जाऊन परत यावा लागतो. त्याचा परतविलंब भौतिक नियमानेच किमान १८ मिलिसेकंद होतो. जुळणी गावातच असती, तर तो एका मिलिसेकंदाहूनही कमी ठरला असता. विनिमयकेंद्रे कोठे असावीत, हा निर्णय अशा आकड्यांच्या आधारे घेता येतो.

मर्यादा : स्वयंसेवी जालातील मापके नमुनाशास्त्राच्या नियमाने निवडलेली नसतात, जेथे हौशी व जाणकार माणसे आहेत, तेथे ती दाट असतात. ‘राइप ॲटलस’चे प्रोब युरोपात एकवटलेले आहेत. त्यामुळे या आकड्यांवरून काढलेली जागतिक सरासरी ग्रामीण आशियाचे चित्र दाखवीत नाही. ज्या गावात एकही मापक नाही, तेथील बिघाड आकडेवारीत उमटत नाही आणि बिघाड नाही असा चुकीचा समज होऊ शकतो. परतविलंबावरून जाण्याचा व येण्याचा वेळ वेगळा काढता येत नाही, कारण दोन्ही मार्ग अनेकदा भिन्न असतात. काही राउटर मापनाच्या पॅकेटांना उत्तर देण्याचे काम मागे ठेवतात किंवा देतच नाहीत, म्हणून एखाद्या टप्प्याचे मौन हा बिघाडाचा पुरावा ठरत नाही. वीज जाणे व तार तुटणे यांत एकटा मापक फरक करू शकत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा मापक लागतो.

सुरक्षितता व खासगीपणा : प्रोब घरातील लोकांचे संदेश वाचीत नाही, तो स्वतः निर्माण केलेली पॅकेटेच मोजतो. त्याचे स्थान प्रसिद्ध करताना ते सु. १ किमी.च्या मर्यादेत मुद्दाम ढोबळ ठेवतात. परक्याच्या घरातून कोणत्याही संकेतस्थळाची मागणी करण्याची मुभा ‘राइप ॲटलस’मध्ये दिलेली नाही, कारण तिची जबाबदारी नकळत यजमानावर येऊ शकते. संकेतस्थळांवरील अडथळे तपासणाऱ्या ‘ऊनी’सारख्या यंत्रणेत मात्र ही जोखीम असते व सहभागापूर्वी स्वयंसेवकाला तिची कल्पना देण्यात येते. मापनजालाची विश्वासार्हता जितकी अचूकतेवर, तितकीच यजमानाच्या संमतीवर अवलंबून असते.

निगा : स्वयंसेवी मापनजाल उभारण्यापेक्षा टिकविणे कठीण असते. उपकरण बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू करणारा, घर बदलल्यावर ते नव्या जागी जोडणारा व नोंदीकडे लक्ष ठेवणारा माणूस लागतो. सामाईक साधनाच्या निगेचा हा प्रश्न भंडारा जिल्ह्याला अपरिचित नाही. गोंडकाळापासून मुख्यतः कोहळी समाजाने या भागात असंख्य तलाव बांधले. त्यांची पाळ व पाट गावाच्या श्रमाने दुरुस्त होत आणि पाणी वाटून देण्यासाठी ‘पाणकर’ नेमलेला असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन हे ‘मामा तलाव’ सरकारच्या ताब्यात गेले. पुढे गावाचा सहभाग ओसरला व अनेक तलाव गाळाने भरले. तलाव आणि मापनजाल यांचे स्वरूप भिन्न असले, तरी दोन्हींत लाभ व निगेची जबाबदारी एकाच हाती असणे आवश्यक असते. क्रेडिटची पद्धत ही जबाबदारी हिशोबाने बांधून ठेवण्याचा एक प्रयत्न आहे. ग्रामीण भागात शाळा, वाचनालय, ग्रामपंचायत व सेवा केंद्र या कायम स्वरूपाच्या ठिकाणी मापक ठेवून त्यांच्या नोंदी गावाला वाचता येतील अशा रीतीने मांडल्यास, सेवेविषयीची तक्रार केवळ अनुभवावर न राहता तारीख, वेळ व माप यांसह करता येते.